त्रेसष्ट आणि चार : डोंगरातले भेक मोजताना

माझी एक जुनी विद्यार्थिनी मराठवाड्यातल्या कन्नड तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिचा प्रश्न असा आला : "सर, मृगाचा पाऊस झाल्यावर नववीची पोरं आणि त्यांचे पालक घेऊन गावामागच्या वनतळ्यावर भेक मोजायला गेलो. पहिल्या रात्री त्रेसष्ट भरले. आठ दिवसांनी गेलो तर चार. डोंगरातल्या जंगलात नेमके किती असतील? कमी-जास्त कशाने होतात? आणि ते खातात काय? एकाने उत्तरात 'डास' लिहिलंय, मार्क द्यायचे का?"

डासांना अर्धा मार्क दे, तोही पोरगं रात्री चिखलात आलं म्हणून. बाकीचं जरा बैठक मारून सांगावं लागेल.

आधी तुम्ही मोजलं काय ते बघू. गावात सगळ्यांनाच बेडूक म्हणतात, 'भेक' हा शब्द पुस्तकात राहिला. ओली गुळगुळीत कातडी, लांब मागचे पाय आणि लांब उडी असेल तर तो बेडूक. कोरडी खरखरीत गाठींची कातडी, आखूड पाय, उडी मारण्यापेक्षा फुदकत चालणं आणि डोळ्यांमागे दोन फुगीर लांबट गाठी असतील तर तो भेक. आपल्याकडे सगळीकडे दिसतो तो भारतीय भेक. त्याच्या डोळ्यांभोवती काळे कंगोरे असतात, काजळ घालून बसल्यासारखे, आणि पाठीवरच्या गाठींची टोकंही काळी. शास्त्रीय नाव दत्ताफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. माहूरच्या दत्ताचा इथे संबंध नाही. ओडिशाचे उभयचरतज्ज्ञ सुशील कुमार दत्ता यांच्या सन्मानार्थ २००६ साली हे प्रजातीनाम दिलं गेलं, त्याआधी पुस्तकांत बुफो असायचं. डोक्यावर कंगोरेच नसतील तर तो संगमरवरी भेक असू शकतो. आणि पूर्ण वाढलेला असूनही तीन-चार बोटांपेक्षा मोठा होत नसेल तर ठेंगणा भेक. तुमच्या त्रेसष्टात हे सगळे एकाच रकान्यात गेले असतील, तर पुढच्या वेळी रकाने वेगळे कर.

आंबोलीच्या पिवळ्या पट्टेरी भेकाचे फोटो बघून दरवर्षी कुणीतरी मला विचारतं, तो म्हैसमाळला सापडेल का. नाही सापडणार. तो आंबोलीचा भेक २००९ साली नवीन जात म्हणून नोंदला गेला, कोयनेचा त्याचा भाऊबंद १९६३ साली. दोघेही सह्याद्रीच्या धो-धो पावसातले. आपल्याकडे काळा पाषाण, वर वीतभर माती, खुरटा साग, सालई, धावडा आणि वर्षाला ६०० ते ८०० मिलिमीटर पाऊस. किनवट-माहूरकडे पाऊस जास्त आणि साग उंच, तिथलं गणित थोडं वेगळं. पण अजिंठ्याच्या रांगा आणि बालाघाट इथे जो भेक टिकतो तो चिवट असतो, नाजूक नसतो.

आता त्रेसष्ट आणि चार. पहिला जोरदार पाऊस झाला की नर पाण्याकडे धावतात आणि रात्रभर 'कुर्रर्र' लावतात. माद्या एकेक करून येतात, अंडी घालतात आणि बऱ्याच त्याच रात्री परत डोंगराला लागतात. नर मात्र आशेवर बसून राहतात. म्हणजे तुम्ही गावची शिरगणती केली नाही, लग्नाच्या मांडवातली माणसं मोजली. मांडव उठला, चार आचारी राहिले, ते दुसऱ्या खेपेला मोजले. पहिल्या रात्रीच्या त्रेसष्टात बहुतेक नरच असणार. खात्री करायची असेल तर हलकेच उचलून बघ : नराच्या पुढच्या पायाच्या आतल्या बोटावर हंगामात काळसर खरखरीत पट्टा येतो, गळा रंगलेला असतो आणि उचललं की तो 'चक् चक्' करून 'मी मादी नाही, सोड' असं सांगतो. मादी गप्प बसते.

मीही हे ठेच लागूनच शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत डोंगरउतारावर एप्रिलमध्ये लागोपाठ अकरा रात्री बॅटरी घेऊन हिंडलो. एक भेक दिसला नाही. अहवालात टेचात लिहिलं, 'या पट्ट्यात भेक आढळत नाही.' मे महिन्यात वळवाचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी ज्या मेंढपाळाच्या वाड्यावर आम्ही चहा प्यायचो तो हसत म्हणाला, "साहेब, तुमचं गिऱ्हाईक आलं." त्याच उतारावर, त्याच दगडांवर, बोट ठेवायला जागा नाही इतके. अकरा रात्री ते माझ्या पायाखालीच होते : दगडांच्या कपारीत, उंदरांच्या बिळांत, जुन्या वारुळांत, काळ्या मातीच्या भेगांत. भेक नव्हते असं नाही, मला दिसत नव्हते. आजही कुणी मला एका रात्रीचा आकडा सांगितला की मी आधी विचारतो, पाऊस कधी पडला होता?

म्हणून वहीत पहिला रकाना पावसाचा ठेव. शेवटचा पाऊस किती दिवसांपूर्वी, अंदाजे किती, आकाश कसं, वारा आहे का, चांदणं आहे का. मग वेळ, मग माणसं किती आणि बॅटऱ्या किती. भेकांचा आकडा सगळ्यात शेवटी. दोन बॅटऱ्यांना तीस दिसले आणि दहा बॅटऱ्यांना त्रेसष्ट, तर भेक दुप्पट झाले असा अर्थ होत नाही.

तळ्यावरच्या गर्दीपेक्षा जंगलातली संख्या हवी असेल तर पाण्यापासून लांब जावं लागतं. शंभर मीटर दोरी टाकायची, दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर, अंधार पडल्यावर सात ते दहाच्या दरम्यान संथ चालत जायचं. बॅटरी कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरायची, म्हणजे भेकाचे डोळे चमकतात. कमरेशी धरलीस तर अर्धे निसटतील. अशा पाच-सहा पट्ट्या वेगवेगळ्या ठिकाणी : ओढ्याकाठी, सागात, उघड्या माळावर, शेताच्या बांधाला लागून. तेच पट्टे पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी चालायचे. एकूण किती हे यातूनही कळणार नाही, पण कुठे जास्त, कुठे कमी आणि यंदा वाढले की घटले, हे बऱ्यापैकी कळतं.

एकूण संख्येचा अंदाज हवाच असेल तर ओळख ठेवून पुन्हा पकडण्याची पद्धत आहे. एका रात्री चाळीस भेकांचे वरून फोटो काढले. पाठीवरच्या गाठींची मांडणी प्रत्येकाची वेगळी, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. काही दिवसांनी पन्नास भेक पाहिले, त्यात दहा आधीच्या फोटोंतले निघाले. म्हणजे पन्नासात दहा, पाचात एक ओळखीचा. मग ओळखीचे चाळीस म्हणजे एकूण दोनशेच्या आसपास. लहान आकड्यांसाठी जी दुरुस्ती वापरतात ती लावली तर १८९ येतात. गणित नववीच्या पोरांना जमेल. अडचण गणितात नाही, त्यामागच्या अटीत आहे : मधल्या दिवसांत कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही, कुणी मेलं नाही. तळ्यावर ही अट पहिल्याच रात्री मोडते, कारण माद्या येऊन निघून गेलेल्या असतात. म्हणून तळ्यावर काढलेला हा अंदाज फार तर नरांचा. आणि एक : काही जुन्या पुस्तकांत खुणेसाठी पायाचं बोट कापायला सांगितलेलं आढळेल. पोरांसमोर तर नाहीच, एरवीही करू नको. मोबाइल आहे ना खिशात.

गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या हद्दीत हे काहीही करायचं असेल तर वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी लागते. रात्री आत जायला आणि प्राणी हाताळायला तर नक्कीच. गावामागचं वनतळंही वनखात्याच्या जमिनीवर असेल तर आधी वनरक्षकाला भेट. ते बरेचदा स्वतःच बॅटरी घेऊन सोबत येतात, आणि त्यांना त्या उतारावरचे दगड आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात.

आता खरा मुद्दा. संख्या कमी-जास्त कशाने होते? बहुतेकांना वाटतं, खायला मिळालं की वाढतात. मला इतक्या वर्षांत आपल्या डोंगरात खायला कमी पडून भेक घटलेले दिसले नाहीत. ते घटतात ते पावसाच्या खंडाने.

हिशेब सोपा आहे. मादी जेलीच्या लांबलचक दोऱ्यांत, काळ्या मण्यांच्या माळेसारखी, काही हजार अंडी घालते. कोमट पाण्यात ती एक-दोन, फार तर तीन दिवसांत फुटतात. त्यातून काळेकुट्ट बेडूकमासे निघतात आणि थव्याने फिरतात. वरून बघितलं तर पाण्यात शाई सांडल्यासारखं दिसतं. त्यांना पाय फुटून, शेपूट जिरून जमिनीवर यायला साधारण महिना ते दीड महिना लागतो. म्हणजे ज्या डबक्यात अंडी पडली त्यात पाच-सहा आठवडे पाणी टिकलं पाहिजे. आणि आपल्याकडचा पाऊस तुला ठाऊकच आहे. मृग बरसतो, पेरण्या होतात, मग आभाळ पंधरा-वीस दिवस कोरडं. शेतकरी दुबार पेरणीच्या विवंचनेत असतो तेव्हा डोंगरातल्या डबक्यांत हजारो बेडूकमासे चिखलात तडफडत असतात. ज्या वर्षी सोयाबीन मोडावं लागतं त्या वर्षी डोंगरातली भेकांची एक पिढी मोडते. दोन्ही एकाच खंडाने.

मग भेक संपत का नाहीत? कारण मोठा भेक काही वर्षं जगतो. एक वर्ष वाया गेलं तर तो पुढच्या वर्षी परत अंडी घालतो. लागोपाठ दोन-तीन वर्षं वाया गेली तर मात्र रात्रीच्या फेरीत फक्त मोठे, जून भेक दिसतात, मधल्या वयाचे दिसतच नाहीत. म्हणून मोजताना प्रत्येकाची लांबी पट्टीने घ्यायला सांगतो, नाकापासून बुडापर्यंत. त्रेसष्ट आकड्यापेक्षा त्या त्रेसष्ट लांब्या मला जास्त सांगतील. सगळे सारख्याच मापाचे निघाले तर काळजी, लहान-मोठे मिसळलेले असतील तर ठीक चाललंय.

साधलेल्या वर्षी मात्र बघण्यासारखं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये एखाद्या ओल्या संध्याकाळी पायवाटेवर तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठे काळे ठिपके उड्या मारत असतात, पाय ठेवायची पंचाईत. गावातले म्हणतात, आभाळातून बेडकं पडली. पडली नाहीत, शेजारच्या डबक्यातून एकाच वेळी बाहेर निघाली. त्यांतली बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत मरतात : पक्षी, मुंग्या, ऊन. हजारांतले चार-दोन मोठे झाले तरी पुष्कळ.

उन्हाळ्याचं एक सांगून टाकतो, कारण पोरांना उपयोगी आहे. भेक तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या मातीवर बूड टेकून बसतो आणि पोटाखालच्या कातडीतून पाणी शोषतो. ते मूत्राशयात साठवतो. तो त्याचा माठ. पकडलं की घाबरून तो जे सोडतो ते बहुतांश हेच साठवलेलं पाणी असतं. गावात म्हणतात, भेक अंगावर मुतला की चामखीळ येते. चामखीळ विषाणूने येते, भेकाच्या मुतण्याने नाही. पण मे महिन्यात त्याचा माठ तुम्ही उपडा केलात तर त्याला पुढचा पाऊस दिसायचा नाही. तेव्हा उन्हाळ्यात हात लावू नये. कारण चामखीळ नाही, हे आहे.

खाण्याकडे येऊ. 'भेक काय खातो' याची तीन उत्तरं आहेत आणि पुस्तकात एकच छापलेलं असतं. बेडूकमासा दगडावरचं शेवाळ खरवडतो, कुजलेला पाला, मेलेल्या भावंडांचे अवशेषही. तो बहुतांशी शाकाहारीच म्हण ना. तळ्याबाहेर निघालेलं ठिपक्याएवढं पिल्लू पालापाचोळ्यातले सूक्ष्म कीटक, माइट (कोळ्यांचे अगदी बारीक भाऊबंद), बारीक मुंग्या खातं, त्याच्या तोंडात त्याहून मोठं मावत नाही. आणि मोठा भेक जे हलतं, जमिनीवर असतं आणि तोंडात मावतं ते सगळं खातो. हे तिन्ही शब्द महत्त्वाचे.

हलतं, हे आधी. भेकापुढे मेलेला नाकतोडा ठेव, तो उपाशी मरेल पण खाणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ योर्ग-पीटर एव्हर्ट यांनी युरोपातल्या भेकांवर यासाठी प्रसिद्ध प्रयोग केले. काळी पट्टी लांबीच्या दिशेने सरकवली, गांडूळ सरपटावं तशी, की भेक झडप घालतो. तीच पट्टी उभी धरून सरकवली की तो ढिम्म बसतो किंवा दबकतो. पोरांना आगपेटीची काडी दोऱ्याला बांधून हे करून बघू दे. दोनदा-तीनदा पुरे, त्याला उगाच फसवत बसू नका.

जमिनीवर, म्हणून डास बाद. डास उडतात, झाडाझुडपांवर बसतात आणि इतके लहान की एक गिळून भेकाला काही मिळत नाही. क्वचित एखादा जिभेला लागत असेल, नाही म्हणत नाही. म्हणून अर्धा मार्क.

तोंडात मावतं, कारण तो चावत नाही. त्याला दातच नाहीत. जीभ पुढच्या बाजूने चिकटलेली, ती बाहेर फेकतो, भक्ष्य चिकटतं, अख्खं गिळतो. गिळताना डोळे आत ओढतो आणि ते वरून घास खाली ढकलायला मदत करतात. पुढच्या पायांनी तोंडाबाहेर राहिलेले तंगडे आत कोंबतानाही दिसेल, पंगतीत जिलेबी कोंबणाऱ्या पाहुण्यासारखा. न चावण्याचे विचित्र परिणामही होतात. तिमोर बेटावर आपल्याच जातीच्या भेकाच्या मागच्या बाजूने वाळा नावाचा छोटा साप जिवंत बाहेर आल्याची नोंद आहे. जपानमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या भेकांनी गिळलेल्या बंदूकधारी भुंगेऱ्यांनी पोटात गरम रसायनाचा फवारा सोडला आणि बऱ्याच भेकांना ते ओकून टाकावे लागले, काही तर तासाभराहून अधिक वेळाने. भुंगेरे टुणटुणीत.

आपल्या डोंगरातला भेक काय खातो हे बघायचं तर त्याचं पोट धुवायची गरज नाही. संशोधक बारीक मऊ नळीने पाणी सोडून पोटातलं बाहेर काढतात, पण ते परवानगीचं आणि सरावाच्या हाताचं काम आहे. शाळेसाठी विष्ठा उत्तम. करंगळीच्या पेराएवढी, कधी त्याहून मोठी, काळपट, वाळल्यावर जराशी चमकणारी लेंडी. ज्या दगडाखाली भेक राहतो त्याच्या तोंडाशी सकाळी सापडते. पांढऱ्या बशीत कोमट पाणी घे, त्यात शांपूचा एक थेंब, लेंडी टाक आणि अर्धा तास विसर. मग बाभळीचे दोन काटे घेऊन हलके सोड. भिंग लावलंस की लेंडी म्हणजे बाजार आहे. खसखशीएवढी मुंग्यांची डोकी, काही जबड्यांसकट. मुंगळ्यांची जरा मोठी, काळी, चकचकीत. शेणकिड्याचे करवतीसारखे काटेरी पाय. तपकिरी टणक पंखांची झाकणं, तुटलेली, त्यावर बारीक रेषा. वाणी किड्याची एखादी कडी, लहान बांगडीसारखी. मधूनच वाळूचे कण, गवताची काडी : घाईत जिभेला चिकटलेलं. मुंग्या मोजताना डोकी मोज, पाय मोजू नको. भुंगेऱ्यांना झाकणं दोन, म्हणून दोनाने भाग.

मी पाहिलेल्या बहुतेक लेंड्यांत संख्येने मुंग्या पहिल्या, वजनाने भुंगेरे पहिले. दोनशे मुंग्या आणि दोन भुंगेरे निघाले तर पोर लिहील, 'भेक मुख्यतः मुंग्या खातो.' त्या दोन भुंगेऱ्यांत दोनशे मुंग्यांपेक्षा जास्त मांस असू शकतं. म्हणून तीन रकाने कर : किती नग, अंदाजे किती जागा व्यापली, आणि किती लेंड्यांत सापडलं. तिन्ही बघून बोलायचं. आणि लेंडीची खोटी साक्षही लक्षात ठेव. गांडूळ, अळी, कोळी, वाळवीचं मऊ अंग पचून नाहीसं होतं. मुंगीचं डोकं आणि भुंगेऱ्याचं झाकण पचत नाही. म्हणून लेंडी मुंग्यांच्या बाजूने बोलते.

वाळवीबद्दल, जिला आपल्याकडे उधई म्हणतात, थोडं जास्त. आपल्या सुक्या जंगलात पडलेलं लाकूड, पाला, शेण हे सगळं तीच संपवते, आणि भेकाचं जंगलातलं अन्न बरंचसं तिच्यावर उभं आहे. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी वारुळांतून पंखवाली उधई बाहेर पडते ना, त्या वेळी एखाद्या वारुळाशी जाऊन बस, पण जरा लांब. एका वारुळाच्या तोंडाशी मी सात भेक अर्धवर्तुळात बसलेले पाहिलेत. कुणी जागचा हलत नव्हता. पाखरू बाहेर पडलं, पंख फडफडले, टप्. दुसरं, टप्. वीसेक मिनिटांनी सगळ्यात मोठी मादी फुगून इतकी गोल झाली होती की वळताना कलंडली. हीच ती वेळ, जेव्हा अंडी घालायची असतात आणि आठ महिन्यांचा उपास सोडायचा असतो. पाऊस पाणी देतो आणि त्याच संध्याकाळी ताटही वाढतो.

गावातला भेक आणि डोंगरातला भेक एकाच जातीचे असले तरी लेंड्या वेगळ्या निघतील. गावातला खांबावरच्या दिव्याखाली बसतो. तिथे पतंग, भुंगेरे, झुरळं, रातकिडे वरून पडतात, त्याला आयतं मोठं मिळतं. डोंगरात दिवा नाही, म्हणून तिथे लहान आणि पुष्कळ : मुंग्या, वाळवी, वाणी, शेणकिडे. गुरं चरतात त्या भागात शेणकिडे जास्त निघतील. ही यादी भेकाच्या आवडीनिवडीची समजू नको, त्या जमिनीवर त्या रात्री काय हिंडत होतं त्याची आहे. तुझी पोरं गावातल्या दहा आणि डोंगरातल्या दहा लेंड्या बघून हे स्वतः काढू शकतील.

इतक्या मुंग्या खातो म्हणून त्याचं विष मुंग्यांतून येतं का, असं एकाने मला विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे, कारण दक्षिण अमेरिकेतले रंगीत विषारी बेडूक मुंग्या आणि माइट यांतूनच विष मिळवतात. भेक मात्र आपलं मुख्य विष स्वतःच्या शरीरात बनवतो आणि डोळ्यांमागच्या गाठींत साठवतो. हाताळून माणसाला काही होत नाही, डोळ्यात-तोंडात हात जायच्या आत साबणाने धुवावेत इतकंच. कुत्र्याने तोंडात धरला तर तो फेस गाळतो. त्याचं तोंड पाण्याने धुऊन काढा आणि जनावरांच्या डॉक्टरला फोन करा. गवत्या सापाला मात्र या विषाचं फारसं काही वाटत नाही, तो भेक आवडीने खातो. नानेटी आणि नागही खातात. तळ्यावर भेक जमले की साप येणारच, पोरांना पायात बूट घालून आण.

पालकांपैकी कुणीतरी विचारेलच, म्हणून हेही. हुमणी म्हणजे पिकाची मुळं खाणारी अळी, तिचे भुंगेरे वळवानंतर संध्याकाळी कडुलिंबा-बाभळीवर जमतात, खाली पडले-उतरले की भेक त्यांना गट्टम करतो. मग उसात भेक आणून सोडावेत का? ऑस्ट्रेलियाने १९३५ साली हेच केलं. हवाईतून दक्षिण अमेरिकी जातीचे शंभराच्या आसपास भेक आणून क्वीन्सलंडच्या उसात सोडायला सुरुवात केली. अळी मातीत, भुंगेरा उसाच्या शेंड्याला, भेक मधे जमिनीवर. किडीला फरक पडला नाही, भेक मात्र कोट्यवधी झाले आणि त्यांना खाऊन तिथले प्राणी मेले. आपला भेक इथलाच आहे, तसा अनर्थ होणार नाही, पण पोत्यात भरून आणलेला भेक दुसऱ्या रात्री चालता होतो. बांधावर दगडांचा ढीग राहू द्या आणि त्याच्या आसपास फवारणी टाळा, तो आपणहून येईल.

शेवटी तुमच्या तळ्याचं. पत्रासोबतच्या फोटोत त्याच्या तीन बाजू उभ्या सिमेंटच्या दिसतात. मोठा भेक त्यात पडला की बाहेर येत नाही, आणि पिल्लंही कडेला अडकतात. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांत तर हे रोजचं. एक गोणपाट लांब कापून, वरच्या टोकाला दगड ठेवून तिरपं पाण्यात सोडा, चौथ्या बाजूच्या उतारावर भरवसा ठेवू नका.

पुढचा पाऊस उघडला की आठव्या दिवशी जा. भेक मोजू नको. काठावर खुणेची काठी रोव, पाणी किती बोटं उतरलं ते लिही, बेडूकमाशांना मागचे पाय फुटलेत का ते बघ. आठवड्याने परत. आणि बशीचे फोटो पाठवशील तेव्हा शेजारी पट्टी ठेव, नाहीतर मुंगी कुठली आणि मुंगळा कुठला ते मला इथून कळायचं नाही.